नव्या गाडीत दाट तेल

मी शाळा चौथीपर्यंत शिकलो. पुढचं सगळं बोटांनी शिकवलं. विटा ते औंध बावीस वर्षं वडापची, माणसं भरून न्यायची जीप मारली, आणि इंजिनातल्या तेलात दम आहे का नाही हे अंगठ्यावर बोट चोळून सांगायचो. बोटाला चिकटून राहिलं तर तेल जिवंत. पाण्यागत सुळकन ओघळलं तर मेलं. मेलेल्या तेलावर गाडी हाकणाऱ्याला मी तोंडावर गाढव म्हणायचो.

मुलगा दक्षिणेत गलाईच्या धंद्यात आहे, सोनं आटवतो. त्याच्या आईला सांगलीच्या दवाखान्यात न्यायला-आणायला त्यानं नवी गाडी घेऊन दिली. ती त्या गाडीत वर्षभर बसली आणि दिवाळी सरल्यावर गेली. गाडी दारात उभी राहिली. मुलगा फोनवर म्हणाला, "गाडी ताईला द्या. आणि आबा, तुमी बी तिच्याकडं साताऱ्याला जावा. एकटं राहू नका."

लेकीच्या हातात द्यायची तर नीट करून द्यावी म्हणून गाडी सर्व्हिसिंगला पाठवली. परत आली तशी मी तेल बघायची काडी ओढली. बोटावर थेंब ठरेना. निव्वळ पाणी. म्हटलं, लबाडांनी फसवलं मला, म्हातारा बघून. खाली शिरलो, बोल्ट काढला, सगळं तेल घमेल्यात सोडलं आणि ट्रॅक्टरच्या कॅनमधलं वीस-चाळीस नंबरचं दाट तेल ओतलं. काकवीसारखं संथ उतरलं. जिवाला बरं वाटलं.

शेजारचा म्हातारा कुंपणावरून बघत होता. "आरं गड्या, नव्या गाडीला ह्ये चालतं का? इचार की कुणाला तरी."

"तू तुझ्या म्हशीचं बघ."

"म्हशीला बी मी डाक्टरला इचारूनच औषध पाजतो," म्हणाला आणि गेला.

आठ दिवसांनी लेक तिच्या तीन वर्षांच्या पोरीला घेऊन एसटीनं आली. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं ठरलं. पौषातली थंडी होती. गाडी गरम करून ठेवावी म्हणून मी चावी फिरवली, तर इंजिन आधी कण्हलं आणि मग वरच्या अंगाला खडखडाट सुरू झाला. डब्यात खडे घालून हलवावेत तसा. जरा वेळानं थांबला. पण समोर काचेखाली पिवळा दिवा लागला तो लागलाच.

आवाजाला घाबरणारा माणूस नाही मी. उतारावर ब्रेक गेलेली जीप मी उसात घालून थांबवलीय. पण त्या खडखडाटात मला दुसरंच ऐकू आलं, ते सांगतो.

बायकोच्या काळजाचे ठोके चुकायचे. सांगलीच्या डॉक्टरनं रक्त पातळ करायची गोळी दिली होती. रोज एक, चुकवायची नाही. तिच्या दंडावर काळे-निळे डाग पडायला लागले, दात घासताना रक्त यायचं. मी म्हटलं, रक्त पातळ म्हणजे माणूस पातळ. आपल्यात बाळंतिणीला डिंकाचे लाडू घालून रक्त दाट करतात आणि हा शहाणा पातळ करतोय. मी म्हटलं, "बंद कर ती गोळी." ती म्हणाली, "तुमी म्हणताय तर बंद." माझं कधी मोडलंच नाही तिनं. तीन आठवड्यांनी चुलीपुढं बसल्या बसल्या तिचं तोंड वाकडं झालं. सांगलीला पोचेपर्यंत बोलणं गेलं. चौथ्या दिवशी ती गेली. गोळीचं मी डॉक्टरला सांगितलं नाही, पोरांनाही नाही.

आणि आता त्याच बोटांनी लेकीच्या गाडीत दाट तेल ओतलं होतं.

लेक पिशव्या घेऊन आली. "आबा, आवाज कसला येत होता?"

"थंडीचा."

"आणि ह्यो दिवा?"

"तसाच लागतो. बस."

खोटं बोललो. खरं सांगितलं असतं तर तिनं विचारलं असतं, का घातलं? आणि त्या 'का'चं उत्तर एकच होतं, तेलाचंही आणि गोळीचंही.

ती चालवायला बसली, मी शेजारी, पोरगी मागं. गाडी ओढत नव्हती. ओझं लादलेल्या बैलागत चालली होती. मी दिव्याकडं बघत होतो. पुढं उसाचा ट्रॅक्टर लागला की वाटायचं, आता हिनं तो ओलांडायला घेतला आणि इंजिन बंद पडलं तर? आता पडलं तर? मागं पोरगी गाणं म्हणत होती. माझा सदरा घामानं भिजला, काच खाली असून.

"आबा, घाम कसला? छातीत दुखतंय का?"

औंधाच्या अलीकडं चढ लागला. यमाईचा डोंगर दिसला आणि मला राहवेना. "थांबीव गाडी. थांबीव म्हणतो न्हवं!"

तिनं कडेला घेतली. मी तेलाचं सांगितलं. ती आधी हसली. "एवढंच व्हय? मला वाटलं तुमाला काय झालं. ह्याचं पुस्तक कुठाय? त्यात लिवलेलं असतंय, कुठलं तेल ते."

तिनं माझ्या गुडघ्यापुढचा कप्पा उघडला. पुस्तक ओढलं आणि त्याखालून गोळ्यांचं पाकीट तिच्या हातात आलं. मीच ठेवलं होतं तिथं, घरात डोळ्यांपुढं नको म्हणून. म्हणून तर तो कप्पा मी उघडत नव्हतो, आणि ते पुस्तकही.

तिनं पाकीट उलटंपालटं केलं. दोनच गोळ्या फोडलेल्या. "ह्या आईच्या. भरलेलं कसं हाय?"

मी सांगितलं. दोन-तीन वाक्यांत संपलं. तीन महिने गिळून बसलो होतो ते.

तिनं पुस्तक मिटलं, पाकीट आपल्या पर्समध्ये टाकलं आणि गाडी हळूहळू औंधात एका गॅरेजपुढं नेली.

मिस्त्री माझ्या मुलाच्या वयाचा. तेल सोडलं, बघितलं आणि म्हणाला, "आवं आबा, ह्या इंजिनात तेलाच्या वाटा केसाएवढ्या. ह्याला पातळच लागतंय. दाट तेल गारठ्यात वर चढंपर्यंत वरचं लोखंड कोरडं घासतंय."

मी विचारलं, "किती दिवसांत मरतंय इंजिन?"

"चार-आठ दिवसांत काय न्हाई होत. लय दिवस चाललं असतं तर गेलं असतं. वेळंत सांगितलंसा."

लेक तिथंच उभी होती, पोरीला कडेवर घेऊन. तिनं तोंड फिरवलं.

नवं तेल पडलं. चावी फिरवली, आवाज नाही. मिस्त्रीनं यंत्र लावून दिवाही घालवला. मी पिशवी हातात धरून बाहेरच उभा. बसावं का एसटीनं परत जावं, कळेना. तिनं आतून दार ढकललं.

"तुमची बीपीची गोळी घेतलीसा का सकाळी?"

घेतली नव्हती. बायको गेल्यापासून एकही घेतली नव्हती. तिनं माझ्याच पिशवीतून पाकीट हुडकलं, गोळी तळहातावर ठेवली, पाण्याची बाटली दिली.

"गिळा. आता तोंड उघडा. जीभ वर करा."

मी केली. मागं पोरगी खिदळली, "आबा आऽऽ!"

लेकीनं गाडी साताऱ्याला आणली. आज इथं येऊन महिना झाला. रोज सकाळी गोळी देते, तोंड उघडा म्हणते, बघते, जाते. आईचा विषय काढत नाही. ते पाकीट तिच्या पर्समध्येच आहे, मी बघितलंय. ती पर्स उघडते तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवतो. एक दिवस ती बोलणार. मी तोंड उघडून बसतो रोज.