अण्णांना बाहेर बसवलं तेव्हा

“अण्णा, या विषयापुरतं तुम्हाला बाहेर बसावं लागेल.”

मी हे बोलले आणि सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी देवघरात चप्पल घालून शिरले होते. अण्णा म्हणजे संस्थेचे संस्थापक आणि अध्यक्ष. पारनेर तालुक्यातल्या त्या माळावर मुलींचं वसतिगृह त्यांनीच उभं केलं. जमीन त्यांची, पहिल्या भिंतीचे दगडही त्यांनीच बैलगाडीतून आणलेले. ज्या खोलीतून मी त्यांना उठवत होते, तीसुद्धा त्यांनीच बांधलेली.

“मी? भायेर? कशापायी?”

“विषय रेखाताईंचा आहे. त्या तुमच्या भाची आहेत.”

“मग? भाची हाय म्हनून काय गुन्हा केला का तिनं?”

संस्थांच्या कामकाजाची घडी बसवून देणं हे माझं काम. विश्वस्त मंडळ, ठराव, धोरणं यांत माझे दिवस जातात. त्यातली अगदी साधी गोष्ट म्हणजे कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट. आपल्या माणसाबद्दल निर्णय व्हायचा असेल तर आपण चर्चेत बसायचं नाही आणि मतही द्यायचं नाही. बस, एवढंच. एका कंपनीने मदत करण्याआधी असं धोरण करायची अट घातली होती. मी मसुदा करून दिला, मागच्या बैठकीत अण्णांनीच तो खणखणीत आवाजात वाचला, सगळ्यांनी ‘छान, छान’ म्हणून मंजूर केला. तेव्हा तो नियम सगळ्यांना शेजारच्या गावासाठी केल्यासारखा वाटत होता.

रेखाताई वसतिगृहाच्या गृहप्रमुख. नवऱ्याने सोडल्यावर अण्णांनी त्यांना इथे आणलं, काम दिलं, रस्त्यापलीकडे राहायला खोली दिली. बाई कष्टाळू, पण त्यांची एक पद्धत होती. मुली झोपल्या की त्या ग्रिलच्या दाराला बाहेरून कुलूप लावायच्या आणि किल्ली घेऊन खोलीवर जायच्या. एकदा अश्विनी नावाच्या मुलीला अंथरुणात विंचू चावला. मुली ओरडत राहिल्या. रेखाताईंना जाग येऊन त्या पोचेपर्यंत पोरगी घामाने निथळत होती, उलट्या करत होती. वाचली, नशीब तिचं. दुसऱ्या दिवशी तिची आई वस्तीवरून तणतणत आली. मी नेमकी तिथेच होते.

“विंचवाचं काय न्हाई वो मॅडम, त्यो कुटंबी चावतो,” ती म्हणाली. “दार का उगडंना, ते सांगा मला.”

तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नव्हतं. विंचू होता म्हणून निभावलं. आग लागली असती तर? नगरला घरी पोळ्या लाटतानाही मला ते ग्रिल दिसायचं. शेवटी नवरा वैतागला. “तू सल्लागार आहेस की तिथली वॉर्डन?” म्हणाला. मी त्याच्यावरच खेकसले. बैठकीची तारीख लागेपर्यंत रोज त्या पोरी तशाच कोंडून झोपत होत्या, हे डोक्यातून जातच नव्हतं.

तर अण्णा उठले. टोपी नीट केली. “बरं बाबा. आमाला आमच्याच घरातनं हाकला,” म्हणाले आणि बाहेर लिंबाखालच्या ओट्यावर जाऊन बसले. मला वाईट वाटलं. तरी मी दार लोटून घेतलं.

आत राहिले चौघे. सचिव असलेले डॉक्टर, निवृत्त मुख्याध्यापिका शिंदेबाई आणि अण्णांबरोबर पहिल्यापासून असलेले दोन शेतकरी विश्वस्त. मी अश्विनीच्या आईची तक्रार वाचली आणि प्रश्न मांडला. बाहेरून कुलूप लावणं बंद करायचं का, आणि रेखाताईंना त्या पदावर ठेवायचं का?

डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते. “अण्णा उन्हात बसलेत हो.”

“सावली आहे तिथे,” मी म्हणाले.

“ओटा तापलेला असणार.” असं म्हणून ते खुर्ची उचलून निघालेसुद्धा. ते येईनात म्हणून एक विश्वस्त त्यांना बोलवायला गेला, तोही तिकडेच रमला. दुसरा तांब्याभांडं घेऊन गेला. शेवटी शिंदेबाई पुटपुटल्या, “जेवणाआधीची गोळी घेतली की नाही कोण जाणे,” आणि त्याही गेल्या. आत उरले मी, टेबलफॅन आणि माझा मसुदा.

माझं डोकंच सणकलं. बाहेर गेले तर अण्णांच्या भोवती सगळे गोल करून बसलेले.

“अहो, बैठक आत चालू आहे!”

“इथंच घेऊ की,” डॉक्टर म्हणाले. “अण्णा मान तिकडे करून बसतील.”

आणि अण्णांनी खरंच मान तिकडे वळवली!

“मग रेखाताईंनाही बोलवा,” मी म्हणाले. “अध्यक्षस्थान त्यांनाच देऊन टाका.”

“एवढं लागट बोलू नये मॅडम,” शिंदेबाई म्हणाल्या. बरोबर होतं त्यांचं. पण माझा तोल गेला होता.

आश्चर्य म्हणजे माझ्यापेक्षा अण्णाच जास्त वैतागले. “अरे, मला येकट्याला बसू द्याल का न्हाई? हितंच सगळे यायचे हुते तर मला भायेर कशाला काढलं?” त्यांनी काठी उचलली आणि तरातरा वसतिगृहाच्या बाजूला चालायला लागले. मंडळी नाइलाजाने माझ्यामागे आत आली.

आता कुठे चर्चा सुरू झाली. एक विश्वस्त म्हणाले, “पालकच म्हनत्यात कुलूप लावा. उद्या येखादी पोरगी भायेर गेली तर गाव कुनाला धरील?”

“आतून कडी लावता येते की,” शिंदेबाई म्हणाल्या. “कुलपाने पोरी सांभाळल्या जात असत्या तर आपण कशाला लागलो असतो?”

“ते ठीक आहे हो,” डॉक्टर म्हणाले, “पण रेखाला काढायचं म्हणजे ती जाणार कुठं?”

हा प्रश्न खरा होता. रेखाताईंचं सगळं जगणं त्या नोकरीवर उभं होतं आणि ते मला कळत होतं. पण तेवढ्यात डॉक्टरांनी नेहमीचा मार्ग काढला. “सगळेच आपले. पुढच्या बैठकीत बघू.”

“तोपर्यंत कुलूप कुठून लागणार?” मी विचारलं.

इतक्यात दार उघडलं. दारात अण्णा. मला वाटलं, संपलं, आता हे खुर्चीत बसणार आणि विषय बारगळणार. पण ते आत आले नाहीत. चौकट धरून उभे राहिले. चेहरा उतरलेला.

“पोरी आत कोंडल्यात,” ते म्हणाले.

“दिवसाढवळ्या?” शिंदेबाई उठल्याच.

“व्हय. बैठक हाय, मधीमधी येऊ नका, म्हनून रेखानं कुलूप घातलंय. आन् ती आमच्या घरी, तुमचा सैपाक करतीय.”

म्हणजे मुलींनी विश्वस्तांसमोर येऊन काही बोलू नये, याची बाईंनी तजवीज केली होती. शिंदेबाई चपला घालून अण्णांच्या घराकडे किल्ली आणायला निघाल्या. त्या वयात मी त्यांना तसं धावताना पहिल्यांदा पाहिलं.

अण्णा तिथेच उभे. “ती अश्विनी हुती ग्रिलपाशी. तिला वाटलं, मी उगडायला आलोय. म्हनली, अण्णा, किल्ली आनली का? म्हनलं, माज्याकडं न्हाई पोरी.” त्यांनी टोपी काढून हातात घेतली. “मंग म्हनली, तुमच्याकडंबी न्हाई?”

मला रडू येत होतं आणि त्याच वेळी रागही येत होता, सगळ्यांचा, माझ्या त्या गुळगुळीत मसुद्याचासुद्धा.

शिंदेबाई दार उघडून, मुलींना बाहेर काढून परत आल्या, तेव्हा अण्णा म्हणाले, “आता मत घ्या. हात वर करून घ्या. मी भायेरच थांबतो.” आणि त्यांनी स्वतः दार ओढून घेतलं. या वेळी कुणी खुर्ची उचलली नाही.

त्या संस्थेत तोपर्यंत सगळे ठराव सर्वानुमते झाले होते. हात वर करायची कुणाला सवयच नव्हती. डॉक्टरांचा हात कानापर्यंत आला आणि तिथेच घुटमळला, पण खाली गेला नाही. ठराव असा झाला: बाहेरून कुलूप लावणं कायमचं बंद, दाराला आतून कडी, मुलींसोबत आतच झोपेल अशी गृहप्रमुख. रेखाताईंना त्या पदावरून काढलं. दुसरं काम लागेपर्यंत खोली त्यांच्याकडेच राहील, हे वाक्य शिंदेबाईंनी घालायला लावलं. माझ्या ते डोक्यातही आलं नव्हतं.

रेखाताईंनी खोली ठेवली नाही. दुसऱ्याच दिवशी त्या आईकडे, म्हणजे अण्णांच्या बहिणीकडे, नेवाशाला निघून गेल्या. जाताना अण्णांच्या पाया पडल्या नाहीत.

दिवाळी झाल्यावर अण्णांचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. मग म्हणाले, “आवंदा भाऊबिजेला बहीन आली न्हाई.”

मी गडबडले. कामाचंच बोलले. “अण्णा, ठरावाचा फेरविचार करायचाय का?”

“न्हाई न्हाई. पोरी आतनं कडी लावून निवांत झोपत्यात. तुमाला सांगितलं नुसतं.” आणि फोन ठेवला.

हे धोरण मी अजूनही संस्थांना समजावून सांगते. पण आता मसुदा पुढे सरकवण्याआधी प्रत्येक विश्वस्ताला विचारते, “हे पाळलंत तर तुमच्या घरी कोण रुसेल?” लोक हसतात. मी हसत नाही. नाव सांगेपर्यंत थांबते आणि मगच सही घेते.