जलील सरांची झोपलेली फौज

कळमनुरीच्या आमच्या कॉलेजात सकाळी बराबर आठला, तास रंगात आलेला असला तरी, जलील सर खडू खाली ठेवायचे, खिशातून गोळी काढायचे आणि पोरांसमोर गिळायचे. "फौजेला अंगाई देऊन राहिलो," म्हणायचे आणि पुन्हा फळ्याकडे वळायचे. ते जीवशास्त्र शिकवायचे, मी शेजारच्या वर्गात मराठी. विज्ञानात मला पस्तीस मार्क पडले तेसुद्धा परीक्षक दयाळू होता म्हणून.

फौजेची भानगड त्यांनीच मला समजावली. सरांचे दोन्ही गुर्दे, म्हणजे किडन्या, गेल्या तेव्हा त्यांच्या थोरल्या विधवा बहिणीनं, आपांनी, आपला एक दिला. "पण माझ्या पेशींना तो परकाच की, जोशी मास्तर. त्या त्याच्यावर तुटून पडणार. पेशीच्या अंगावर प्रथिनं असतात. एक परक्याला ओळखतं, दुसरं हुकूम पक्का करतं. तहसीलसारखंच. दोन सह्या झाल्याबिगर कागद हलत न्हाई. सह्या झाल्या की पेशी आणखी एक प्रथिन सोडती, त्याची हाळी असती : उठा, जगा, एकाचे हजार व्हा. ही गोळी ती हाळीच देऊ देत न्हाई."

"आणि हाळी न मिळालेल्या पेशी?"

"गुमान पडून राहतात, न्हाई तर मरून जातात. त्या झोपल्यात म्हणून मी जागा हाय."

मला त्यातलं तहसील तेवढं कळलं.

कोरोना आला आणि अख्ख्या तालुक्याची इम्युनिटी वाढवण्याचा मक्ता मी घेतला. परसातल्या कडुनिंबावरची गुळवेल वाळवली, कुटली, काढे उकळले. माझा थर्मास दिसला की प्राचार्यसुद्धा संडासात जाऊन बसायचे. जलील सरांनी मात्र तोंडावर सांगितलं, "काहून माझ्या फौजेपुढं बिगुल वाजवून राहिलात? दुसऱ्या कुणाला पाजा."

मला राग आला. शिकलेल्या माणसाचा हट्ट त्याच्या स्वयंपाकघरातून मोडावा, हे माझं तत्त्व. मी गुळवेलीच्या पावडरची बरणी आपांच्या हाती दिली. "सरांना सांगू नका. कारल्याच्या भाजीत, मेथीत, रोज चमचाभर. कडूत कडू, पत्ता लागणार नाही." भावापासून कधी काही न लपवलेल्या आपांनी माझ्या शब्दाखातर ते लपवलं. मी घरी हा किस्सा मांडीवर थाप मारून सांगितला होता.

दोन-अडीच महिन्यांनी सरांच्या पायांवर सूज आली. नांदेडला नेलं. फाईल माझ्या हातात होती. डॉक्टर म्हणाले, "शरीर गुर्दा नाकारतंय. काही जडीबुटी, काढा वगैरे?"

"न्हाई," सर म्हणाले. "हेच तर शिकवतो मी, साहेब. मी कसा घेईन?"

डॉक्टरांनी माझ्याकडेही पाहिलं. मी फाईलमधले कागद सारखे करू लागलो.

परतल्यावर आपांना म्हणालो, "उष्ण पडतं ते, आता बंद करा." आणि बरणी पिशवीत घालून घरी आणली. शरीर कधीकधी काही न करताही गुर्दा नाकारतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले होते. त्या वाक्याला मी अजून धरून आहे.

गुर्दा गेला. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. जीपमध्ये सर मांडीवर वही घेऊन बसायचे, गोळ्यांच्या वेळा तपासायचे. "एक दिवस चुकली न्हाई, मास्तर. मग माझं चुकलं कुठं?"

"हवामान बदललंय, सर," मी म्हणालो. हे मी म्हणालो! ते हसले. "पस्तीस मार्क उगाच न्हाई पडले तुमाला."

पावसाळा सरता सरता ताप आला, आणि चार दिवसांत सर गेले.

सरांच्या चाळीसाव्या दिवसाला गेलो तेव्हा पाहुणे उठून गेले होते. आपा ओसरीत एकट्याच बसल्या होत्या. कुशीवरच्या टाक्यांच्या व्रणावर हात ठेवून म्हणाल्या, "मास्तर, तुमी शिकलेले. खरं सांगा. माझाच गुर्दा खराब निघाला का हो?"

शब्द तयार होते. मराठीचा मास्तर मी.

"नशिबाचं असतं, आपा," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली आणि माझ्यासाठी चहा टाकायला आत गेल्या.