तीस हजार एकतीस

माझा थोरला भाऊ चाकांना दाते पाडायचा. वर्कशॉप घराच्या मागेच. दाते सारख्या अंतरावर यायला हवेत, तर चाक दर वेळी किती फिरवायचं ते आधी ठरवावं लागतं, आणि त्यासाठी दात्यांच्या संख्येला कशाने भाग जातो हे बघावं लागतं. जन्मभर हेच केल्यामुळे दादाला कुठलीही संख्या अख्खी दिसायचीच नाही. वहिनी म्हणायची, "माझा वाढदिवस ह्यांच्या लक्षात नाही, पण माझ्या वयाला कशाने भाग जातो ते झोपेतही सांगतील."

एका संख्येपुढे मात्र तो हात टेकायचा. दोन, तीन, पाच, सात, अकरा आणि तेरा यांचा गुणाकार तीस हजार तीस. त्यात एक मिळवला की यांतल्या कुणानेही भागा, एक उरतोच. "हिला फोडणारा अजून जन्मायचाय," असं तो सांगायचा. आम्ही मान डोलवायचो. तेराच्या पुढे जाऊन कोणी बघितलंच नव्हतं.

मग त्याला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, शब्दही बरेच गेले. दिवसभर छताकडे बघत पडून असायचा. पुतण्याने दाते पाडायच्या यंत्राला गिऱ्हाईक आणलं, तशी वहिनी अडून बसली. "यंत्र गेलं तर हे उठायचेच नाहीत."

"आणि उठून चालत्या यंत्रात हात घातला तर? बाबांचं डोकं ठिकाणावर आहे का?" पुतण्या माझ्याकडे वळला. "काका, तुम्हीच विचारा काहीतरी. नीट सांगितलं तर राहू दे यंत्र. नाहीतर उद्या तो माणूस घेऊन जाईल."

दादा चुकणारच नाही असं काहीतरी हवं होतं. मी विचारलं, "दादा, तीस हजार एकतीसला कशाने भाग जातो रे?"

'कशानेच नाही' एवढंच त्याने म्हणायचं होतं. ओठ कितीतरी वेळ हलले. "एको... एकोणसाठ."



"झालं," पुतण्या म्हणाला. वहिनीने दादाचं तोंड पुसलं. तो माझ्यावर डोळे वटारून पुन्हा तेच म्हणाला. मी त्याच्या पायावर थोपटलं आणि निघालो.

घरी येऊन वर्तमानपत्राच्या कडेला उगीच भागाकार मांडला. एकोणसाठने. बाकी काहीच उरेना. पुन्हा मांडला. एकोणसाठ गुणिले पाचशे नऊ. पडल्या पडल्या हा एकटाच तेराच्या पुढे चालत गेला होता.

सकाळी तसाच गेलो. पुतण्याने मोबाइलवर गुणाकार केला, परत केला, आणि बाहेर जाऊन गिऱ्हाइकाला येऊ नका म्हणून कळवलं. मग वर्कशॉपची किल्ली आणून दादाच्या उजव्या तळहातावर ठेवली. "चुकलं माझं, बाबा."

बोटं मिटली नाहीत. किल्ली घसरून चादरीवर पडली. दादा बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पाचशे नऊ?"

पुतण्याला कळेना. या संख्येला तरी कशाने भाग जातो का, असं दादा विचारत होता. किल्ली कोणी उचलली नाही. मी पलंगाच्या काठावर बसलो आणि दोनपासून सुरुवात केली.