ईसीजी निघेपर्यंत पाणी नको

मागच्या पौषातला मंगळवार, संध्याकाळ. दवाखाना बुधवारा मोहल्ल्यातला, तपासणीची फी चारशे रुपये. हजर तिघे: मी, माझी बायको सुनंदा आणि माझी आई. हृदयाच्या डॉक्टरांनी सुनंदाच्या जुन्या ईसीजीच्या पट्ट्या टेबलावर पसरल्या. सगळ्या नॉर्मल. मग त्यांनी वर्षभरात कोणी न विचारलेला प्रश्न विचारला.

"धडधड सुरू झाली की घरी काय करता?"

उत्तर आईने दिलं. "काय करणार? माठातलं गार पाणी तोंडावर मारते. दोन-चार हबक्यांत पोरगी ठीक!" आमच्याकडे कोणीही घाबरलं की हाच पहिला इलाज. दवाखाना त्यानंतर.

डॉक्टर हसले. "आजी, तुमचा इलाज बरोबर आहे. इतका बरोबर, की पोलीस यायच्या आत तुम्ही चोराला पळवून लावता. मग आमच्या मशीनला काय दिसणार?"

ज्यांच्या घरी असाच त्रास असेल त्यांच्यासाठी नीट लिहितो. धडधडीला डॉक्टर पाल्पिटेशन म्हणतात, म्हणजे स्वतःच्या हृदयाचे ठोके स्वतःला जाणवणं. जास्त चहा, जागरण, अंगात रक्त कमी असणं, थायरॉईड, कशानेही होऊ शकतं आणि पुष्कळदा साधंच असतं. सुनंदाचं वेगळं होतं. भाजी निवडताना किंवा फळ्यावर लिहिताना बटण दाबल्यासारखं सुरू व्हायचं आणि तसंच एकदम बंद. डॉक्टरांना संशय होता एसव्हीटीचा. त्यात हृदयातल्या विजेला एक जादा वाट मिळते आणि ती तिथेच गोल फिरत राहते. चेहऱ्यावर गार पाणी पडलं की एक नस हृदयाला ब्रेक लावते आणि फेरा तुटतो. पण खात्री करायला झटका चालू असतानाचा ईसीजी लागतो.

आमचं अडलं होतं ते इथेच. सुनंदा फोपनार गावच्या शाळेत गणित शिकवते. कागद साफ, म्हणून सगळे म्हणायचे, घबराहट आहे, घरी बसा. झोपेच्या गोळ्याही घेऊन झाल्या. स्कूटीवर एकटीने जाणं बंद होऊन मीच तिला सोडायचो, मीच आणायचो. सत्र संपलं की नोकरी सोडायची, असं घरात जवळजवळ ठरलं होतं. तिने ठरवलं नव्हतं.

"पुढच्या वेळी पाणी नाही. सरळ इथे या," डॉक्टर म्हणाले. सोबत अट घातली: चक्कर आली, छातीत दुखलं किंवा दम लागला, तर ईसीजीचा विचार सोडून थेट मोठ्या दवाखान्यात जायचं. ही परवानगी तिला तपासून दिलेली होती. दुसऱ्या कोणी आपल्या मनाने असं थांबू नये.

त्यानंतर एका सकाळी, लोधीपुऱ्यातल्या आमच्या घरी ती पोळ्या लाटत होती. मध्येच लाटणं ठेवलं, गॅस बंद केला. "अहो, सुरू झालं. चला."

मी दवाखान्यात फोन केला आणि रिक्षा थांबवली. आई भरलेल्या तांब्यासकट आत बसली. सुनंदाच्या गळ्याजवळची नस उडताना दिसत होती. मी घड्याळ लावून नाडी मोजू लागलो, पण ठोके इतके जलद की मोजणी चुकली.

"अरे प्रकाश, बघत काय बसलास? मार की पाणी!"

"आई, नको. आज नको."

"यांचं मशीन मोठं की माझी सून?"

"सून मोठी. म्हणूनच नको."

"अम्मा, बस, पोचलोच," रिक्षावाला पुढून म्हणाला.

एका हबक्यात सुटका होती आणि तांब्या तिच्या गुडघ्याला लागत होता. ती मात्र डोळे मिटून, आम्हाला ऐकू जाईल असं म्हणत राहिली, "चक्कर नाही. दम नाही. दुखत नाही." वर्गात पाढे म्हणून घ्यावेत तशी. इतकी वर्षं संसार केला, पण तिची ही हिंमत मी त्या रिक्षात पाहिली.

दवाखान्यात मशीन तयार होतं. पट्टी निघाली: मिनिटाला एकशे अठ्ठ्याऐंशी ठोके. डॉक्टरांनी बीपी पाहिलं, ते ठीक होतं. मग मशीन चालू ठेवूनच ते वळले. "आजी, आता तुमचं काम."

सिस्टरने गार पाण्यात बुडवलेला टॉवेल दिला. आईने तो सुनंदाच्या चेहऱ्यावर दाबला. कागदावर दाट रेघा, मग एक मोकळी जागा, मग शांत, सुटे ठोके.

"एवढंच होतं, तर रिक्षात काय बिघडलं असतं?" आई म्हणाली.

सुनंदाने टॉवेल बाजूला केला. "डॉक्टर, म्हणजे हे मनाचे खेळ नव्हते ना?"

"नाही मॅडम. हे बघा, कागदावर आलंय."

ती पट्टी तिने बराच वेळ हातात धरली होती.

पुढे इंदूरला अब्लेशन झालं. मांडीतल्या शिरेतून बारीक तार हृदयापर्यंत नेऊन ती जादा वाट जाळून बंद करतात. सगळ्यांना त्याची गरज नसते, काहींचं गोळ्यांवर भागतं. इंदूरच्या डॉक्टरांचे आणि बुधवाऱ्यातल्या डॉक्टरांचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण तो ईसीजी मिळाला सुनंदामुळे.

तपासणीत सगळं ठीक निघालं आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही म्हटल्यावर तिने अंगणातली स्कूटी पुसायला काढली. महिनोन् महिने उभी राहून तिची बॅटरी उतरली होती. मिस्त्रीने घरी येऊन नवी बसवली. मी हेल्मेट घालून मागे बसायला निघालो.

"तुम्ही कुठे?" ती म्हणाली.

बॅटरीचे बाराशे रुपये मिस्त्रीला तिनेच दिले आणि ती फोपनारच्या रस्त्याला लागली.