झाड झाकायचं राहिलं

मी भित्री आहे, हे आधीच कबूल करते. जंगलातल्या तालुक्याच्या गावी नोकरी लागली तेव्हा वडस्याच्या आमच्या शेजारणींना माझ्यासाठी वाघाची काळजी होती. वाघ मी अजून पाहिलेला नाही. माझी पाचावर धारण बसवली ती चार पानांच्या एका पीडीएफनं.

मी एका सरकारी ऑफिसात कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटर. उन्हाळ्याच्या तोंडाशी, मोहाची फुलं पडायच्या दिवसांत, एका बाईनं उजाडता उजाडता सागवान तोडून ट्रॅक्टरवर चढवणारी माणसं पाहिली होती. लाकूड पकडलं गेलं, बाईनं जबाब दिला आणि तो मी टाइप केला. ती पन्नाशीची, काटकुळी, बोलताना पदराचं टोक बोटाला गुंडाळणारी. अंगठा लावायच्या आधी तिनं माझ्याकडे पाहिलं, साहेबांकडे नाही.

"मॅडम, माह्यं नाव तं बाहेर नाई ना जाणार? घरी एकटीच आहो मी."

"नाही जाणार, बाई. मी आहे ना," मी म्हटलं. जसं काही ऑफिस माझ्या बापाचं होतं.

वर्ष होत आलं आणि माहितीच्या अधिकारात अर्ज आला. चौकशी संपलेली, त्यामुळे कागद द्यावे लागणारच होते, फक्त जबाब देणारीची ओळख झाकून. अर्जदार कोण, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. ज्याच्या ट्रॅक्टरवर लाकूड सापडलं, त्याचा तो सख्खा मेव्हणा. त्याला कशाची माहिती हवी होती, हे सांगायला ज्योतिषी नको.

झाकायचं काम माझ्याकडे आलं. मी आमच्या बाबूंसारखी अडाणी नव्हते. ते वर्डमध्ये नावावर काळी पट्टी ओढायचे आणि त्याचीच पीडीएफ करायचे. त्या पट्टीखाली नाव जिवंत असतं. ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवली की उठून बसतं. हे मी त्यांना एकदा करून दाखवलं होतं, तेव्हापासून ते मला 'हुशार मॅडम' म्हणायचे, थोडं टोमण्यानं. या वेळी मी प्रिंट काढली, जाड मार्करनं खाडाखोड केली, पान ट्यूबलाइटसमोर धरलं, अक्षर अंधुक दिसलं म्हणून मागूनही काळं केलं आणि मग स्कॅन केलं. नाव, नवऱ्याचं नाव, वय, गाव, आधार, फोन, अंगठा. शेवटी सगळी पानं तीनदा वाचली. आईला फोन करून सांगितलंसुद्धा, आज एक चांगलं काम केलं म्हणून. दुपारी ईमेल गेला आणि रजिस्टर पोस्टही.

ऑफिसची प्रत फाइलला लावायला मी आमच्या शिपाईभाऊंकडे दिली. ते भामरागडकडचे, जंगलातल्याच गावचे, निवृत्तीला आलेले. त्यांना चष्मा लावून सगळं वाचायची खोड होती. वाचता वाचता ते थांबले.

"मॅडम, हे नाव काऊन झाकलं?"

"झाकावंच लागतं, भाऊ. तिच्या जिवाला धोका नको."

"मंग झाड काऊन ठेवलं?"

मला कळेना. त्यांनी बोट ठेवलं त्या ओळीवर. 'मी नाल्यावरच्या दोन खोडांच्या मोहाखाली फुले वेचत असताना.' मीच टाइप केलेलं वाक्य, अगदी शुद्ध.

"मोहाले मालक असते, मॅडम. झाड जंगलातलं असलं तरी. हे याच्या घरचं, ते त्याच्या घरचं. आजोबापासून चालत येते. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोनी उचलत नाई. दोन खोडाचा मोह नाल्यावर एकच असन. कोनाचा, ते गावातल्या लेकरालेबी मालूम असते."

वडस्यात वाढलेली मी. आमच्याकडे धानाच्या गिरण्या, रेल्वे, थंडीत नाटकांचे मांडव. झाड म्हणजे सायकल टेकवायची जागा. जंगलातल्या झाडाला घराण्याचं नाव असतं, हे माझ्या सात पिढ्यांना माहीत नव्हतं. शितावरून भाताची परीक्षा होते हे मात्र माहीत होतं, आणि शीत मीच काढून ताटात ठेवलं होतं. एवढ्या हुशारीनं मी कागदावरून बाई पुसली आणि तिचा पत्ता तेवढा ठेवला.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, आता बाण सुटला, कोणाच्या लक्षातही येणार नाही, बोभाटा करू नका. फोन लावला तर तिच्या गावाला रेंज नाही. त्या दिवशी मी जेवले नाही. ट्रॅक्टरचा आवाज आला की मी खिडकीशी जायचे, आणि आमच्या रस्त्यावरून ट्रॅक्टर दिवसाला वीस जातात.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि सकाळच्या बसनं निघाले. तिला सांगायचं होतं, थोडे दिवस माहेरी जा. माफीही मागायची होती, खरं सांगायचं तर तीच जास्त. फाट्यावर उतरून चालत गेले. दोन्ही बाजूंना मोहाची झाडं, कुठे कुठे खालचा पाचोळा जाळून जमीन झाडून ठेवलेली, फुलं पडतील म्हणून. प्रत्येक झाडाकडे मी आता संशयानं पाहत होते. गावात शिरल्यावर हापशीवर चारपाच बाया होत्या. मी तिचं नाव घेऊन घर विचारलं. बायांनी एकमेकींकडे पाहिलं. मग एकीनं हनुवटीनंच दाखवलं.

ती अंगणात टोपली दुरुस्त करत बसली होती. मला पाहून तिचा चेहरा उतरला. मी घाईघाईनं, उभ्यानंच सगळं सांगितलं. झाडाचं, ईमेलचं, माहेरी जायचं. ती ऐकत होती, पण पाहत होती माझ्या छातीकडे. मी खाली पाहिलं. ऑफिसचं ओळखपत्र सवयीनं सकाळी गळ्यात अडकवलं होतं. फोटो, हुद्दा, निळी फीत, सगळं उन्हात चमकत होतं.

"झाडाचं मी पाहून घेतलं असतं, मॅडम," ती हळूच म्हणाली. "म्हटलं असतं, त्या दिवशी मी झाडाखाली गेलीच नाई, दुसऱ्याच कोनी पाह्यलं असन. इथी बायका एकमेकीले सांभाळून घेतेत. पर तुमी इथी काऊन आल्या? कालपर्यंत झाडच होतं. आता घरबी दाखवलं तुमी."

मला रडू कोसळलं. तिनंच मला पाणी दिलं. मग म्हणाली, "जा लवकर. बस चुकन."

परतताना हापशीवर कोणी नव्हतं. पुढे वळणावर एक ट्रॅक्टर उभा होता, त्याच्या चाकाला टेकून एक माणूस बिडी ओढत होता. कोण होता, मला माहीत नाही. कदाचित शेतावर निघालेला साधा गावकरी असेल.

"मॅडम, भेटलं का घर?" त्यानं अगदी अदबीनं विचारलं.

मी मान हलवली. हो म्हणून हलवली. तेवढंही लपवायचं मला सुचलं नाही. ओळखपत्र ब्लाउजमध्ये खुपसलं ते बसमध्ये बसल्यावर.

आता कागद झाकायला आला की मी शिपाईभाऊंना शेजारी बसवते. झाड, नाला, बैलाचा रंग, सगळं काळं करते. बाबू हसतात, म्हणतात मॅडम आता फक्त तारीख ठेवतात. मी हसत नाही.

त्या महिन्याच्या शेवटी भाऊ त्या बाजूला लग्नाला जाऊन आले. डबा उघडत म्हणाले, "नाल्यावरच्या त्या मोहाखाली फुलं तशीच पडून आहेत, मॅडम. सडून राह्यली. कोनी उचलून नाई राह्यलं."

दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. ती कुठे गेली, हे विचारायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. ते काय सांगतील याची मला भीती वाटली. अजून विचारलेलं नाही.