सोललेली रानपोपटी

तुळशीच्या कुंडीशेजारी एक अनोळखी रोप वाढलं होतं. कागदासारख्या पातळ, पोकळ आवरणात एकेक गोल फळ. तण समजून मी उपटायला वाकले, तेवढ्यात बागेच्या कामाला येणाऱ्या यमुनाने हात धरला. “राहू द्या बाई, ही रानपोपटी. पिकली का खायची.” तिने एक सोललं आणि टोमॅटोसारखा आंबटगोड वास आला.

त्या वासाने मी डोंगरातल्या सूर्यमाळ गावच्या शाळेत जाऊन पोचले. नोकरीचं पहिलंच वर्ष होतं. दिवाळीनंतर घरदार घेऊन वीटभट्टीवर कामाला निघायच्या आदल्या दिवशी वर्गातल्या मंगीची आई पळसाच्या पानात हीच पिवळी फळं घेऊन आली. सगळी सोललेली, बाईंना त्रास नको म्हणून. मी “ठेवा” म्हटलं आणि तिची पाठ वळताच ती पानासकट कचऱ्याच्या डब्यात टाकली. रानातलं काहीबाही, विषारी असलं तर?

मंगीचं दप्तर राहिलं म्हणून ती परत दारात आली होती. तिने डब्याकडे पाहिलं. “आमाला काय होत नाय, बाई,” एवढंच म्हणाली. आवाजात राग नव्हता. जणू मलाच धीर देत होती. दुसऱ्या दिवशी घर बंद होऊन त्यांच्या दाराला काटी लागली आणि मंगी त्या वर्षी वर्गात परत आली नाही.

यमुनाने दुसरं फळ सोलून माझ्या तळहातावर ठेवलं. मी ते तोंडात टाकलं. चांगलं गोड होतं, मंगीच्या आईने आणलेली असतील तसंच.