होळीच्या झाडाला मोरूचा खांदा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुलाच का सांगतोय — ते नीट कळत नाही, पण ऐक.

पनवेलजवळ, नेऱ्याच्या बाजूला आमचं गाव. तिथे होळीचं झाड माळावरून खांद्यावर आणतात, घरटी एक खांदा. ज्याचा खांदा लागला तो गावाचा. पनवेलला टॉवर उभे राहत होते तेव्हाची गोष्ट, आणि आमची गावकी अजून माणसं वाळीत टाकत होती. मोरू माझा चुलतभाऊ. त्याच्या बहिणीनं मनासारखं लग्न केलं, यानं तिला घरात घेतलं — एवढाच गुन्हा! त्याच्याशी बोलायचं नाही. बोलेल तोही वाळीत.

मी बोलायचो. चोरून, बांधाआड. आणि मीच त्याला म्हणालो — होय, मीच — "होलीला ये रं. एकदा खांदा लागला का कोन काय बोलनार? मी हाय ना!"

तो आला. आंघोळ करून, पांढरा सदरा घालून. माझ्यामागे उभं राहून त्यानं झाडाला खांदा लावला. सगळे थांबले. झाड खाली ठेवलं. कुणीतरी ओरडलं, "ह्याला बोलावला कोनी?"

माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. नजर माझ्यापर्यंत येणार — मी थांबलोच नाही. झाडाला टेकू द्यायचा दांडका हातात होता, तोच त्याला घातला. पहिला मी. गावकीनं मारायला सांगितलं नव्हतं रे! त्याचं कोपर मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग सगळे तुटून पडले, लाथा, दगड. मी मारतच राहिलो, तोंडावर. त्याचं रक्त माझ्या मनगटावर उडालं. आणि खरं सांगू? बरं वाटत होतं. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली, तीही आवडली.

पुढे गावकीला शिव्या घालून पाहिल्या. काय उपयोग? बाकीच्यांचे हात माझ्यानंतर उठले होते.

पोलिसांनी भाऊ म्हणून मलाच हॉस्पिटलात बोलावलं. कुणी मारलं, म्हणून मोरूला विचारलं तेव्हा मी खाटेपाशीच होतो. एक डोळा सुजून बंद, दुसऱ्यानं त्यानं माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"गर्दी होती सायेब. कोन ते दिसला नाय."

पुढे कायदा आला, आता वाळीत कुणी नाही. मोरूचा उजवा हात अजून सरळ होत नाही. दर होळीला तो माझ्यामागेच येऊन उभा राहतो, आणि झाडाला डावा खांदा लावतो.